तोरणमाळ चढणारी सायकल: खान्देशातल्या रस्त्यांसाठी गिअर आणि सुटे भाग कसे निवडावेत

सुट्या भागांपासून स्वतःची रोड बाईक बांधायची ठरली की बहुतेक जण फ्रेमपासून सुरुवात करतात. कार्बन की अॅल्युमिनियम, रंग कोणता, वजन किती, हे आधी ठरतं. मग तिला शोभेल असा ग्रुपसेट (गिअर आणि ब्रेकच्या भागांचा संच), मग चाकं, आणि सगळ्यात शेवटी दुकानात असेल ती कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच). माझं म्हणणं नेमकं उलट आहे. खान्देशात चालवायची सायकल असेल तर सगळ्यात हलका गिअर आधी ठरवा. त्यावरून चेनरिंग (पायडलजवळच्या दातेरी चकत्या) आणि कॅसेट ठरेल, कॅसेटवरून डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), डिरेलरवरून शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ). रस्त्यावरून टायर ठरेल आणि टायरवरून ब्रेक. हे सगळं कागदावर उतरलं की त्यात बसेल ती फ्रेम शोधायची.

याला कारण आपली जमीन. तापीचं खोरं सपाट आहे. सावद्यापासून फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर करत शहाद्यापर्यंत गेलात तर दम लागेल असा चढ फारसा येत नाही. पण या सपाटीच्या दोन्ही बाजूंना डोंगर उभे आहेत. उत्तरेला वळलात की सातपुडा. दक्षिणेला चाळीसगावहून कन्नडचा घाट, फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट. आणि शहाद्याहून तोरणमाळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर. शहादा तापीच्या सपाटीवर असल्यामुळे एका दिवसात हजार मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते, तीही बरीचशी शेवटच्या टप्प्यात. त्यात भर म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी पश्चिमेचा वारा सुरू होतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. धुळ्याहून साक्रीकडे निघालात की हा वारा थेट छातीवर येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला तरी त्याची बातमी होत नाही. घाट, वारा आणि ऊन या तिघांना पुरून उरणारी सायकल बांधायची आहे.

आधी घाट मोजा, मग स्वतःला

तुम्ही वर्षातून दोन-चार वेळा तरी जाल असा सगळ्यात खडा रस्ता निवडा. मोबाइलच्या नकाशावर त्या चढाचा सलग खडा भाग शोधा आणि त्याची लांबी व उंचीतला फरक लिहून घ्या. दीड किलोमीटरमध्ये १२० मीटर उंची वाढत असेल तर तो ८ टक्के चढ. अख्ख्या घाटाची सरासरी घेऊ नका. सरासरीत मधली सपाटी आणि छोटे उतार मिसळतात आणि आकडा फसवा येतो. गुडघे दुखतात ते खड्या टप्प्यात, आणि गिअर त्याच टप्प्यासाठी निवडायचा असतो.

आता स्वतःची ताकद. पॉवर मीटरची गरज नाही. आत्ता जी सायकल आहे तीच घेऊन ओळखीच्या चढावर जा आणि एक तास टिकेल अशा दमाने चढा, जीव तोडून नाही. तुमचं वजन, सायकल, पाणी आणि पाठीवरचं सामान असं सगळं वजन किलोत धरा. त्याला ९.८१ ने गुणा, मग चढलेल्या उंचीने मीटरमध्ये गुणा, आणि लागलेल्या सेकंदांनी भागा. येणाऱ्या वॅटमध्ये टायरचं घर्षण आणि चेनमधली गळती म्हणून दहावा हिस्सा मिळवा. ७० किलोचा माणूस, ९ किलोची सायकल आणि ३ किलो सामान मिळून ८२ किलो. १०० मीटर उंची ५६० सेकंदांत चढली तर १४४ वॅट, दहावा हिस्सा धरून साधारण १६०. नियमित सायकल चालवणाऱ्या, पण स्पर्धेत न उतरणाऱ्या माणसाचा आकडा साधारण याच्या आसपास येतो. १६० वॅटमध्ये हा माणूस ८ टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने जातो. त्याला ताशी १२ ने जायचं असेल तर २४० वॅट लागतील. अवघड गिअर बसवून ते २४० वॅट पायात येत नाहीत.

आता हाच माणूस, हाच चढ आणि हाच ताशी ८ चा वेग घेऊन वेगवेगळे गिअर तपासू. चाक ७०० बाय २८ चं, म्हणजे २८ मिलिमीटर रुंद टायरचं धरलं आहे, त्याचा घेर २.१३६ मीटर. पुढे ३९ दात आणि मागे २५, म्हणजे जुन्या रेसिंग सायकलींवरची जोडी असेल, तर पायडल मिनिटाला ४० फेऱ्यांनी फिरेल. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर ५१ फेऱ्या. ३४ ला ३४ असेल तर ६२. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ७१. वेग तोच, घामही तेवढाच, पण ४० फेऱ्यांवर प्रत्येक फेरीत गुडघ्यावर येणारा जोर ७१ फेऱ्यांच्या पावणेदोनपटीहून जास्त असतो. तास-दीड तासाच्या घाटात याचा हिशोब गुडघा ठेवतो.

माझ्या मते खड्या टप्प्यात ६० फेऱ्यांच्या खाली जावं लागणार नाही असा गिअर हवाच. उन्हात तर जास्तच. ताशी ८ च्या वेगाला अंगावर वारा लागत नाही, शरीर तापतं आणि सकाळी ९ वाजता जे १६० वॅट निघत होते ते ११ वाजता निघत नाहीत. वजन ८५ किलो असलेल्या माणसाला त्याच १६० वॅटमध्ये ताशी ७ च्या आसपासच वेग मिळतो. ३४ ला ३४ वर त्याचे पाय ५४ फेऱ्यांवर येतात. अशांनी पुढे ३० दातांचाच विचार करावा. त्यात कमीपणा काही नाही.

स्वतःचा आकडा काढायचा असेल तर: खड्या टप्प्यातला तुमचा वेग किलोमीटरमध्ये घ्या आणि त्याला ६५ (मिनिटाला हव्या असलेल्या फेऱ्या) गुणिले २.१३६ गुणिले ०.०६ ने भागा. ताशी ८ साठी उत्तर ०.९६ येतं. पुढचे दात भागिले मागचे दात हे या आकड्याजवळ किंवा त्याखाली असायला हवेत. ३४ भागिले ३४ म्हणजे १, ते या माणसाला चालून जातं.

कॅसेट: मधले दात पाहा

मोठ्या कॅसेटवर नेहमीचा आक्षेप असा की गिअरमधलं अंतर वाढतं, सपाटीवर पाय कधी सैल पडतात तर कधी अडकतात. हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे, कारण चोपडा-शिरपूर रस्त्यावर पश्चिमेच्या वाऱ्यात तीन तास काढायचे असतील तर तो खरा ठरू शकतो.

शिमानो कंपनीच्या ११ स्पीडच्या, म्हणजे ११ चकत्या असलेल्या, ११-२८ कॅसेटचे दात असे: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. ११-३४ चे असे: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचा. १५ पासून २५ पर्यंत दोन्ही कॅसेट सारख्याच आहेत. ११-३४ मध्ये गायब आहेत ते १२ आणि १४. पुढे ५० दात आणि मिनिटाला ८५ फेऱ्या धरल्या तर १५ च्या दातावर, म्हणजे १५ दातांच्या चकतीवर, ताशी ३६ चा वेग मिळतो, १७ वर ३२, १९ वर जवळपास २९, २१ वर २६ आणि २३ वर पावणेचोवीस. म्हणजे आपण ज्या २४ ते ३६ च्या पट्ट्यात दिवस काढतो तिथे ११-३४ घेऊन काहीच गमावत नाही. १२ आणि १४ ची उणीव ताशी ३८ च्या पुढे जाणवते. गटात जोर लावून पळणाऱ्यांना ती जाणवेल, एकट्याने वाऱ्याशी झुंजणाऱ्याला नाही. म्हणून पुढे ५०/३४, म्हणजे ५० दातांची मोठी आणि ३४ ची छोटी चेनरिंग, आणि मागे ११-३४ ही जोडी मी खान्देशासाठी पहिली धरतो.

हीच तपासणी स्पीडच्या संख्येवरही करा. शिमानोच्याच टियाग्रा ४७०० मालिकेच्या १० स्पीडमध्ये ११-३४ अशी मिळते: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २६, ३०, ३४. मधला पट्टा इथेही तसाच राहतो. ९ स्पीडमध्ये मात्र ११, १३, १५, १७, २०, २३, २६, ३०, ३४. इथे १७ वरून थेट २० आणि २० वरून २३. म्हणजे ताशी ३२ वरून एकदम २७ आणि तिथून पावणेचोवीस. वारा कमी-जास्त होताना नेमका हवा असलेला गिअर याच फटीत पडतो. बजेट मर्यादित असेल तर ९ वरून १० स्पीडला जाण्यात पैसे घाला, १० वरून ११ ला जाण्यात घाई नको. १२ स्पीडची ११-३४ सगळ्यात सुबक आहे. तिच्यात १२ आणि १४ परत येतात, पण तिची चेन आणि कॅसेट महाग, आणि तातडीला तालुक्याच्या गावात मिळेल ही आशा ठेवू नये.

५०/३४ ची एक खोड मात्र आहे. समोरच्या वाऱ्यात ताशी २२ ते २६ चा वेग असतो तेव्हा मोठी चेनरिंग जड वाटते आणि छोटी हलकी. पुढचा गिअर बदलला की १६ दातांची उडी, मग मागे दोन-तीन क्लिक करून ती भरून काढायची. धुळे-साक्रीसारख्या रस्त्यावर हे वारंवार होतं. यावर उपाय म्हणजे ४६/३०. ८५ फेऱ्यांवर ४६ ला १९ म्हणजे ताशी २६, २१ म्हणजे जवळपास २४, २३ म्हणजे २२ च्या जवळ. वाऱ्यातला सगळा वेग मोठ्या चेनरिंगवर, कॅसेटच्या मधोमध आणि चेन सरळ ठेवून मिळतो. सगळ्यात जड गिअर ४६ ला ११, त्यावर १०० फेऱ्यांनी ताशी ५३ निघतात. घाट उतरताना त्यापुढे पायडल मारायची गरज नाही. बीआरएम करणाऱ्यांना, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ३०० किलोमीटर २० तासांत संपवणाऱ्यांना, मी हीच जोडी सुचवेन. एक काळजी घ्या. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेतल्या ४६/३० क्रँकची (पायडलचे दांडे आणि चेनरिंग यांचा जोड) चेनलाइन, म्हणजे चेन चालते ती रेषा, रोड क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असते, म्हणून पुढचं डिरेलरही जीआरएक्सचंच घ्यावं लागतं. फ्रेमवर ते पुरेसं खाली बसतं का, हेही आधी पाहा.

डिरेलर आणि शिफ्टर: इथे हिशोब चुकला तर पैसे वाया

मागच्या डिरेलरला दोन मर्यादा असतात. एक, किती मोठा दात पेलवतो. दुसरी, एकूण क्षमता, म्हणजे किती सैल चेन तो ओढून धरू शकतो. क्षमतेचा हिशोब सोपा आहे. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या टोकांमधला फरक. ५०/३४ आणि ११-३४ साठी १६ अधिक २३, म्हणजे ३९. शिमानो १०५ आर ७००० चा लांब पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे डिरेलरची दोन छोटी चाकं धरणारा खालचा भाग) जीएस डिरेलर ३४ दात आणि ३९ क्षमतेचा आहे, म्हणजे अगदी काठोकाठ बसतो. त्याच मालिकेतला आखूड पिंजऱ्याचा एसएस मात्र ३० दात आणि ३५ क्षमतेवर थांबतो. जुनं सामान घेताना फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पिंजऱ्याच्या आतल्या बाजूचा कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ४६/३० चा फरकही १६ च आहे, त्यामुळे तोच जीएस चालतो.

शिफ्टर आणि डिरेलर एकाच पिढीचे घ्या. टियाग्रा ४७०० नावाला १० स्पीड आहे, पण एका क्लिकला ओढली जाणारी केबल आधीच्या १० स्पीडच्या रोड सामानासारखी नाही. जुना १० स्पीडचा शिफ्टर आणि ४७०० चा डिरेलर जोडला तर गिअर कधीच ताळ्यावर येत नाहीत, मेकॅनिक कितीही हुशार असो.

फ्रीहबचा, म्हणजे मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्याचा, विचार इथेच करून टाका. शिमानोचा एचजी फ्रीहब, ११ स्पीड रुंदीचा. त्यावर ११ स्पीडची रोड कॅसेट थेट बसते, १० स्पीडची १.८५ मिलिमीटरचा स्पेसर घालून बसते, १०५ किंवा अल्टेग्राची १२ स्पीडही बसते. शिमानोची ११ स्पीडची ११-३४ कॅसेट याला अपवाद आहे. तिच्याखालीही तोच १.८५ चा स्पेसर लागतो आणि तो खोक्यातच येतो. खोक्यासोबत तो फेकला गेला तर कॅसेट हलत राहते आणि लोक डिरेलरला दोष देत बसतात.

टायर, चाकं आणि काटे

शेताच्या बांधाला बाभूळ, पडीक जमिनीत वेडी बाभूळ आणि रस्त्याच्या कडेला सराटे. खान्देशात पंक्चर हा अपघात धरू नका, रोजचा खर्च धरा. २५ मिलिमीटरचा टायर विसरा. २८ हा किमान, ३२ उत्तम. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते, केळीच्या ट्रकांनी उखडलेल्या कडांवर हात सुन्न होत नाहीत आणि रिमला मार बसत नाही. टायरची मधली पट्टी संरक्षण असलेली घ्या. वजनात पन्नास-साठ ग्रॅम वाढले तर वाढू द्या.

७० किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये ७५ ते ८० पीएसआयपासून सुरुवात करावी, ३२ मध्ये ६० ते ६५. उन्हाळ्यात पहाटे २० अंशाला ८० भरलेली हवा दुपारी टायर ४५ अंशाला तापला की ८८ च्या आसपास जाते. भर उन्हातल्या डांबरावर आणखी वर. म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे ५ ते ७ पीएसआय कमीच भरा. हुकलेस रिमवर (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली रिम) तर हे पाळलंच पाहिजे, कारण तिथली कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते. वजन ८० किलोच्या पुढे असेल तर हुकलेस रिम घेऊच नका, हुक असलेली साधी रिम घ्या.

ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबऐवजी आत सीलंट हे भोक बुजवणारं द्रव असलेला टायर, काट्यांवर खरोखर काम करतं. बारीक काटा आत घुसलेला असतानाही सीलंट भोक बुजवतं आणि घरी येईपर्यंत कळतही नाही. पण आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. उन्हाळ्यात महिन्याला एकदा व्हॉल्व्ह उघडून आत ओलं आहे का ते पाहण्याची तयारी असेल तरच ट्यूबलेस करा. तेवढा वेळ देता येत नसेल तर कोअर निघणारा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घ्या आणि तिच्यात ३०-४० मिली सीलंट घाला.

ट्यूब बदलताना काटा टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते. बोटांनी चाचपून बाभळीचं टोक सापडत नाही. ते आतून जेमतेम केसाएवढं वर आलेलं असतं आणि सापडलं तर बोटातच शिरतं. त्यापेक्षा खिशात कापसाचा बोळा ठेवा. टायर आतून उलगडून धरा आणि बोळा एका दिशेने सावकाश पूर्ण गोल फिरवा. टोक असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात आणि पांढरा धागा मागे राहतो. मग उलट्या दिशेने एकदा फिरवा, कारण तिरका शिरलेला काटा एकाच बाजूने तंतू पकडतो. धागा दिसला की बाहेरून चिमट्याने काटा काढायचा. कापूस आपल्याकडे कुठल्याही गावात मागितला तरी मिळतो.

चाकांबाबत माझं मत पक्कं आहे: अॅल्युमिनियमची रिम, आतून १९ ते २१ मिलिमीटर रुंद, पुढे २८ आणि मागे ३२ आरे, आरे साधे, वाकड्या मानेचे. असा आरा तुटला तर बदली आरा मिळतो आणि आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढणारा माणूसही मिळतो. १६-२० चपट्या आऱ्यांच्या चाकात एक आरा तुटला की चाक इतकं हलतं की सायकल टेम्पोत टाकून आणावी लागते.

ब्रेक, बीबी आणि शेवटी फ्रेम

३२ चा टायर ठरला की डिस्क ब्रेक जवळपास ठरलाच, कारण रोडच्या नेहमीच्या रिम ब्रेकमध्ये २८ च्या पुढे जागा उरत नाही. हायड्रॉलिक घ्या आणि खनिज तेलावर चालणारे घ्या. पॅड घरी बदलता येतात, तेल बदलणं एकदा शिकून घ्यावं. २८ वर थांबायचं असेल तर अॅल्युमिनियम रिमवरचे रिम ब्रेक आजही उत्तम काम देतात, त्यात मागासलेपण नाही. कार्बन रिम आणि रिम ब्रेक ही जोडी मात्र नको. कन्नडच्या घाटात उतरताना ट्रकच्या मागे सतत ब्रेक दाबून राहावं लागलं की रिम तापते आणि तिचं रेझिन मऊ पडू शकतं.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे बीबी (क्रँक ज्यावर फिरते ते बेअरिंग), आट्यांचाच हवा. दाबून बसवलेल्या बीबीमध्ये काळ्या मातीची धूळ शिरली की कुरकुर सुरू होते आणि ती काढायला खास अवजार लागतं. आट्यांचे कप एका पान्याने निघतात, पुसून ग्रीस लावून परत बसतात. ६८ मिलिमीटरच्या बीएसए प्रकारच्या बीबीमध्ये उजव्या बाजूचे, म्हणजे चेनकडचे, आटे उलटे असतात. तो कप घट्ट करताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवायचा. केबल हेडसेटच्या (हँडल वळतं तिथल्या बेअरिंगच्या) आतून जाणारी फ्रेम टाळा. दिसते देखणी, पण वरचं बेअरिंग बदलायला ब्रेकची नळी सोडवावी लागते. धुळीच्या प्रदेशात हे बेअरिंग लवकर जातं.

आता फ्रेमचं माप. सध्याच्या सायकलवर अंग दुखत नसेल तर तिचंच माप काढा. सपाट फरशीवर सायकल उभी करून मागचं चाक भिंतीला टेकवा. बीबीच्या मध्यापासून जमिनीपर्यंत आणि हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत उंची मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्टॅक. याच दोन बिंदूंचं भिंतीपासूनचं आडवं अंतर मोजा. त्यातला फरक म्हणजे रीच. नव्या फ्रेमचे हे दोन आकडे एक-दीड सेंटिमीटरच्या आत जुळले पाहिजेत. एस, एम, एल या अक्षरांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं एम वेगळं असतं. सीटची उंची ठरवताना जांघेपासून तळपायापर्यंतची लांबी गुणिले ०.८८३ हा बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचा सुरुवातीचा आकडा धरा. ८० सेंटिमीटरला ७०.६. तिथून पुढे गुडघा सांगेल तसं चार-पाच मिलिमीटर खाली-वर.

फ्रेमच्या साहित्यावर भांडण्यात मला रस नाही. चांगलं क्रोमोली स्टील किंवा अॅल्युमिनियम, पुढे कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग), एवढं पुरे. त्यापेक्षा टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ४ मिलिमीटर मोकळी जागा आहे का ते पाहा. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटते आणि जागा नसेल तर चाक जागीच थांबतं. आणि फ्रेमच्या आत एक लिटरच्या दोन बाटल्या बसतात का, तेही पाहा. सातपुड्यातल्या चढावर मध्ये दुकान मिळत नाही.

जोडणी

ग्रीस कुठे लागतं हे लक्षात असू द्या: बीबीचे आटे, पायडलचे आटे, धातूच्या फ्रेममधला धातूचा सीटपोस्ट, हेडसेटचे कप. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस नाही, त्याची वेगळी पेस्ट असते. टॉर्क रेंच उसना आणा, पण आणाच. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट ५-६ न्यूटन मीटर, शिमानोच्या होलोटेक क्रँकच्या डाव्या आर्मचे दोन बोल्ट १२ ते १४, कॅसेट आवळून धरणारी लॉकरिंग ४०. स्टेमचे चार बोल्ट आळीपाळीने, तिरकस जोडीने, थोडे थोडे घट्ट करा.

चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न घालता पुढच्या मोठ्या चेनरिंगवर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या दातावर गुंडाळा. दोन टोकं जिथे भेटतात तिथून एक इंच जास्त ठेवून तोडा. ११-३४ वर चेन आखूड पडली तर मोठ्या-मोठ्यावर गिअर टाकताच डिरेलर फाटतो, म्हणून शंका असेल तर थोडी लांबच ठेवा.

मग गिअर लावणे. केबल जोडायच्या आधी मर्यादेचे दोन स्क्रू लावा. चेन सगळ्यात लहान दातावर असताना डिरेलरचं वरचं छोटं चाक त्या दाताच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत आलं पाहिजे. डिरेलर हाताने आत ढकलला की सगळ्यात मोठ्या दाताच्या बरोबर खाली, त्यापलीकडे आऱ्यांत जाता कामा नये. आता केबल ओढून बोल्ट आवळा आणि एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या दातावर चढली नाही तर बॅरल (केबलचा ताण बदलणारा गोल स्क्रू) अर्धा फेरा घड्याळाच्या उलट फिरवा. चढली की पायडल फिरवत ठेवून बॅरल त्याच दिशेने हळूहळू पिळत राहा, चेन तिसऱ्या दाताला घासल्याचा बारीक किर्र आवाज येईपर्यंत. आवाज आला की थांबा आणि तो जेमतेम जाईल एवढंच उलट फिरवा. कान जवळ नेऊन ऐका, इथे डोळ्यापेक्षा कान जास्त सांगतो. शेवटी चेन ३४ च्या दातावर नेऊन पाहा. वरचं छोटं चाक आणि तो दात यांच्यात ५-६ मिलिमीटर फट हवी. कमी असेल तर बी स्क्रू (ही फट बदलणारा डिरेलरवरचा स्क्रू) आवळा.

चेनला आठ महिने कोरडं तेल किंवा मेण, फक्त पावसात ओलं तेल. ओल्या तेलावर धूळ बसली की तिची खरड होते आणि नवी कॅसेट हंगामात झिजते. चेनची झीज साध्या फूटपट्टीने कळते. नव्या चेनवर एका पिनच्या मध्यापासून बरोबर १२ इंचांवर पिनचाच मध्य येतो. तो दीड मिलिमीटर पुढे सरकला असेल तर ११ आणि १२ स्पीडची चेन बदला. ९ आणि १० स्पीडला सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येतं. वेळेत बदललेली चेन कॅसेट वाचवते, आणि ११-३४ कॅसेट स्वस्त नाही.

पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर केबल बसते, आरे स्थिरावतात. तेव्हा बॅरल पुन्हा जुळवा, दोन्ही चाकांचा आऊट तपासा, क्रँक आणि स्टेमचे बोल्ट पुन्हा रेंचने पाहा. मग भरलेल्या बाटल्या आणि नेहमीचं सामान घेऊन ज्या चढासाठी ही सायकल बांधली त्याच चढावर जा. खड्या टप्प्यात घड्याळ लावून एका पायाच्या फेऱ्या मोजा. ६० च्या वर असतील तर काही बदलू नका. ५५ च्या खाली असतील तर आधी पुढची छोटी चेनरिंग लहान करता येते का ते पाहा, कारण ३४ च्या पुढची कॅसेट घेतली तर डिरेलरही बदलावा लागेल. सीटखालच्या पिशवीत ट्यूब, लिव्हर, चेनची क्विक लिंक, ब्रेक पॅडची एक जोडी, कापसाचा बोळा आणि फ्रेमसोबतच विकत घेतलेला एक जादा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) ठेवा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, आणि तो वाकला तर जळगावात, धुळ्यात किंवा नंदुरबारमध्ये कुठल्याही दुकानात तुमच्या फ्रेमचा मिळेलच असं नाही.